काढायला सांगितलेलं पान घेऊन हिंजवडीला

येरवड्याहून हिंजवडीला जाणं हा काय प्रवास आहे का, असं विचारणाऱ्यांनी एकदा सोमवारी सकाळी जाऊन दाखवावं. मी रोज जाते. कंपनीच्या बसमध्ये बसते, पडदा ओढते आणि झोपते. त्यामुळे जन्म इथलाच असून मधलं शहर मी धड पाहिलेलंच नव्हतं. या वेळी मात्र शनिवार-रविवार मुद्दाम मोकळे ठेवले आणि सिटी बसने, पायी, वाटेत खातपीत गेले. तेही भांडायच्या तयारीने.

कारण सांगते. पोटासाठी मी सॉफ्टवेअर तपासते आणि उरलेल्या वेळात कॉमिक काढते. स्वतः काढायचं, स्वतः छापून घ्यायचं, स्वतःच विकायचं, असला उद्योग. हिंजवडीत एका चकचकीत इमारतीच्या सभागृहात माझ्यासारख्या स्वतंत्र कॉमिकवाल्यांची जत्रा भरणार होती. जोडीला जुने काळे-पांढरे सिनेमे आणि जुन्या टीव्ही मालिकांचे भाग. मी टेबलासाठी अर्ज केला. गुरुवारी मेल आली: टेबल मंजूर, चित्रं फार आवडली, फक्त सातव्या-आठव्या पानाचा तो एक कागद तेवढा काढून टाका, म्हणजे गोष्ट 'सगळ्यांची' होईल.

त्या पानावर माझे पप्पा आहेत. पप्पा सरकारी कचेरीत आहेत, पण पानावर ते शाळकरी आहेत. येरवड्यात आमच्या वस्तीला लागून एका साहेबांच्या घरी टीव्ही होता. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा. इतर घरांतली मुलं आत सतरंजीवर बसायची आणि आमची, म्हणजे बौद्धांची मुलं बाहेर खिडकीशी उभी राहायची. डास येतात म्हणून खिडकीची काच बंद. पप्पांनी कितीतरी सिनेमे असे बिनआवाजाचे पाहिले.

त्यातून आमच्या घरात एक रीत पडून गेली. जुना सिनेमा लागला की पप्पा आवाज बंद करतात. "संवाद काय, कुणीही लिहील. ती उभी कशी आहे ते बघ. आता दार लावणार बघ." आणि ती खरंच दार लावायची. सगळ्यांच्या घरी असंच बघतात अशी माझी समजूत होती. कॉलेजात मैत्रिणीकडे त्यातलाच एक सिनेमा आवाजासकट पाहिला, तेव्हा कळलं की नायक इतका वेळ तोंड उघडून काय करत होता. गात होता!

माझ्या कॉमिकमध्ये म्हणूनच एकही शब्द नाही. सातव्या पानावर खिडकीतून दिसणारी खोली आहे, आठव्या पानावर खोलीतून दिसणारी खिडकी, आणि काचेपलीकडे एक मुलगा. हे पान काढलं तर उरलेलं सगळं नुसतंच छान दिसतं. मला छान दिसायचं नव्हतं. ठरवलं, पानही काढायचं नाही आणि जत्राही सोडायची नाही.

पप्पांना मेलबद्दल बोलले नाही. सिनेमाचं नाव ऐकून ते यायला एका पायावर तयार झाले. कॉमिक त्यांनी अजून वाचलं नव्हतं. "पूर्ण झाल्यावर दे," एवढंच म्हणाले होते. "मध्यंतरापासून सिनेमा बघत नाही मी."

शनिवारी सकाळी बंड गार्डनचा पूल ओलांडून बसने मनपाच्या, म्हणजे महापालिकेच्या थांब्यावर उतरलो आणि तिथून चालत कसबा पेठेत गेलो. माझं ऐका, पेठेत गाडी नेऊ नका. लावायला जागा मिळत नाही आणि जागा मिळाली तर समोरच्या दारावर तुमच्यासाठीच लिहिलेली पाटी असते. चालत गेलं की तांबट आळीतले ठोके आधी ऐकू येतात, मग चकाकणारे हंडे दिसतात. कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे खाल्ले. वरून भरपूर ओलं खोबरं आणि तिखट रस्सा वेगळा मागून घ्या. दोघांचे चहासकट पैसे दिले आणि गल्लीत वळलो.

माझे छापखानेवाले काका तिथलेच. छोटी कामं मनापासून करतात, म्हणून मी हे कॉमिक त्यांच्याकडे दिलं होतं. त्यांचा मुख्य धंदा लग्नपत्रिका आणि पोथ्यांचा. काकांनी गठ्ठा पुढे सरकवला आणि मी वरची एक प्रत उघडली. कॉमिक शिवलेलंच नव्हतं! आडवी सुटी पानं, मागची बाजू उलटी छापलेली, पान वर उचलून वाचायचं, आणि प्रत्येक प्रत लाल कापडात नीट गुंडाळलेली.

"काका, हे सुटं कसं?"

"पोथी सुटीच असते."

"पण ही पोथी नाही. कॉमिक आहे."

"आडवा कागद आपणच दिलात. शिवण दिसायला नको, हेही आपणच म्हणालात. मग नाही दिसत ना आता शिवण?"

"मला आतून चिकटवलेलं हवं होतं."

"तसं म्हणायचं. आम्हाला मनातलं वाचता येत नाही, कागदावरचं येतं. बदलून हवं असेल तर बुधवारी या. कापडाचे पैसे लावलेले नाहीत."

जत्रा दुसऱ्या दिवशी होती. पप्पांनी एक लाल गुंडाळी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली. "आपल्या घरात पोथी येणार म्हणजे," ते म्हणाले. "तुझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा होत्या नव्हत्या तेवढ्या बाहेर काढल्या होत्या." आणि छापखान्याबाहेर येईपर्यंत हसत राहिले. मला मात्र रडू येत होतं. सगळं पदरमोड करून केलेलं काम, सुट्ट्या खर्ची घातलेल्या, आणि हातात हे. घरी येऊन एक प्रत पलंगावर पसरून वाचून पाहिली. सातवं पान वर उचललं की त्याच्याच पाठीवर आठवं येत होतं. खोली उचलली की खिडकी. शिवलेल्या पुस्तकात ते पान असं एकटं हातात घेऊन उलटसुलट करता आलंच नसतं. मग डोळे पुसले आणि गठ्ठा पिशवीत भरला.

रविवारी मनपाहून हिंजवडीची बस धरली. जायचं असेल तर रविवारीच जा, कारण कंपन्यांच्या बसगाड्या नसतात आणि रस्ता चक्क रस्त्यासारखा दिसतो. मला पहिल्यांदाच कळलं की काचेच्या इमारतींच्या मागे अजून उसाचा एक तुकडा उभा आहे आणि रोज मी जिथे अडकते तिथे एक मारुतीचं देऊळ आहे. पप्पा खिडकीशी बसून नाट्यगृहाच्या पाट्या वाचाव्यात तशा वसतिगृहांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. "फक्त शाकाहारी मुलींसाठी. गरम पाणी. वायफाय." मग म्हणाले, "म्हणजे शाकाहारी पाणी असेल."

सभागृह गार होतं आणि मुलं खरंच सुंदर कामं घेऊन आली होती. एका मुलाने फक्त रिक्षांच्या मागच्या काचेतून दिसणाऱ्या जगाचं कॉमिक केलं होतं. एकीने आईच्या स्वयंपाकघरातल्या भांडणाच्या बारा चौकटी काढल्या होत्या, त्यातल्या दोनच बोलक्या. मी दोन्ही घेतली. अशा जत्रेत जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, आधी हातांनी काढलेलं, फोटोकॉपी केलेलं बघा. रंगीत, जाडजूड, दुकानात मिळतं ते कधीही मिळेल. पप्पा सिनेमाच्या अंधारात गेले आणि मी माझ्या टेबलावर लाल गुंडाळ्या मांडल्या.

पाचच मिनिटांत आयोजक आला. रोहन त्याचं नाव. चांगला मुलगा, माझ्याहून लहान, कॉमिकवर जीव असलेला. त्याने एका प्रतीचं कापड सोडलं आणि त्याचे डोळे चमकले.

"मॅम, धिस इज सो कूल! पोथी फॉरमॅट! कोणाची आयडिया?"

"कसब्यातल्या काकांची."

तो पानं वर उचलत गेला, सातव्यावर थांबला. "हे राहिलंय वाटतं. मेल केली होती ना मी?"

"राहिलं नाही. ठेवलंय."

"ॲक्च्युअली मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाहीये. पण स्पॉन्सर्स आहेत, फॅमिलीज येतात. उगाच कोणाला वाटायला नको की आपण कम्युनिटीचा इश्यू करतोय." मग त्याने ते पान अलगद ओढून बाहेर काढलं आणि बाजूला ठेवलं. "बघा ना, किती सोप्पंय. बाकी सगळं जसंच्या तसं."

खरंच सोपं होतं. कुठे फाटलं नाही, कुठे खूण राहिली नाही. उरलेल्या पानांची गड्डी इतकी साळसूद दिसत होती की ते पान कधी होतं हे कुणाला कळलं नसतं. मला तिथेच चीड आली, रोहनची कमी आणि त्या सोपेपणाची जास्त. पप्पांनाही असंच हळूच, न फाडता बाजूला केलं होतं.

"मग टेबल राहू दे तुमच्याकडे," मी म्हटलं आणि पिशवी भरली.

इमारतीच्या फाटकासमोर मोकळ्या जमिनीवर गाड्या लावायची सोय आहे. ती जमीन गावातल्या एका मावशींची. कडेला पत्र्याची शेड, त्यात चहा आणि पिठलं-भाकरी, बाहेर एक टेबल आणि बाक. हिंजवडीत पोट भरायचं असेल तर आतल्या फूड कोर्टाकडे न बघता इथे या, ठेचा मागून घ्या. मी चहा सांगितला आणि विचारलं, या टेबलाचा अर्धा भाग वापरू का?

"वापरा की. काय इकताय?"

"चित्रांची गोष्ट."

मी गुंडाळ्या सोडल्या आणि प्रत्येक प्रतीतलं ते पान मधून काढून सगळ्यात वर ठेवलं. सुटी पानं होती, कोणाला विचारायची गरज नव्हती. गोष्ट आता खिडकीपासून सुरू होत होती आणि काय सांगू, जास्त चांगली लागत होती! जुने सिनेमे नाही का, आधी शेवटाकडची जखम दाखवून मग मागे जातात, तसं झालं होतं. मीच इतके दिवस त्याला मध्ये लपवून ठेवलं होतं.

मावशी पदराला हात पुसत आल्या. वरचं पान उचललं, मागची बाजू पाहिली, पुन्हा खाली टेकवलं, पुन्हा उचललं.

"आमच्या घरी टीव्ही हुता," त्या म्हणाल्या. "गावात पहिला. असंच पोरं हुबी ऱ्हायची खिडकीत. मला वाटायचं, त्यास्नी भाईर वाऱ्याला बरं वाटतंय."

"कधी आत नाही बोलावलंत?"

"न्हाई. माझ्या ध्यानातच आलं न्हाई कधी."

मला राग आला. त्यांच्याच टेबलाशी, त्यांचाच चहा पिताना आला. "मग उचलू का हे इथून?" मी जरा तोडूनच विचारलं.

"मी उचला म्हनलं का?" त्याही तोडूनच बोलल्या आणि भाकरी उलटायला गेल्या.

गाड्या काढायला येणारी मुलं थांबू लागली. एका हातात हेल्मेट धरून दुसऱ्या हाताने पान वर उचलता येतं, हे शिवलेल्या पुस्तकाला जमलं नसतं. एक मुलगी तिथेच मोटारसायकलवर बसून सगळं वाचून, पैसे देऊन प्रत घेऊन गेली. दुसरा म्हणाला, "यात डायलॉग कुठायत?" मी म्हटलं, काच बंद आहे.

तेवढ्यात रोहन बाहेर आला. "मॅम, इथे अलाउड नाहीये हे. व्हेन्यूच्या समोर आहे."

मावशी शेडमधूनच ओरडल्या, "ए दादा, तुमची हद्द त्या फाटकापातूर. हितनं फुडं सातबारा माझा हाय. च्या घेनार का?"

रोहनने चहा घेतला. आणि जाताना, मला वाटतं थोडा लाजून, एक प्रतही घेतली. वरचं पान त्याने काढलं नाही. मी बघत होते.

सिनेमा संपवून पप्पा आले ते चिडलेलेच. "काय तो आवाज! चित्र दिसू देतात का!" मग टेबलाकडे पाहिलं. "आत होतीस ना?"

"होते."

त्यांनी वरचं पान पाहिलं. मागची बाजू पाहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत सुटे पैसे नीट करत बसले. ते बाकावर बसून रिकामी झालेली लाल कापडं घड्या करून ठेवू लागले. मावशींनी न मागता त्यांच्यापुढे पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं आणि आत बसा म्हणाल्या, ऊन हाय. पप्पा आहे तिथेच बसून जेवले. भाकरी मात्र दुसरी मागून घेतली.

घरी येऊन आता आठवडा झाला. हिशेबात सांगायचं तर प्रवास स्वस्तात पडला, निम्म्याहून जास्त प्रती गेल्या, आणि पुढच्या जत्रेचं टेबल बहुधा गेलं. गेलं तर गेलं. आईला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, नोकरी तर नाही ना गेली? नाही गेली. सोमवारी त्याच बसने त्याच रस्त्याने कामावर गेले, फक्त या वेळी पडदा ओढला नाही. काकांकडे पुढची छपाई टाकणार आहे, सुटीच, आणि कापडाचे पैसे देऊन. ज्यांना ते पान नको असेल त्यांनी खुशाल काढावं, पण स्वतःच्या हाताने काढावं. मी काढून देणार नाही.

काल संध्याकाळी पप्पांनी चष्मा लावून कॉमिक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. टीव्ही बंद होता. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली.

"प्रज्ञा, चूक आहे यात. मी एकटा नव्हतो खिडकीत."

"मग?"

"दिलीप असायचा. त्याची बहीण असायची, तिला मी उचलून धरायचो, नाहीतर तिला फक्त छत दिसायचं. गौतम, बाळ्या, खालच्या ओळीतले दोघं भाऊ. सगळ्यांची नाकं काचेला." त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं. "एकट्याचं काढलंस तर लोकांना वाटेल, बिचारा एक मुलगा होता. काढायचं तर सगळ्यांना काढ."

आज सकाळपासून तेच पान पुन्हा काढायला घेतलंय. पप्पा शेजारी बसून कोण किती उंच होता ते सांगताहेत. चौकट पुरत नाहीये, खिडकी मोठी करावी लागणार आहे.