आमच्या घरातला इन्सुलीचा नाका

लहानपणी पाहुणा आला की मी त्याला दारातच अडवायची. कुठून आलात, पिशवीत काय आहे, मागच्या वेळी न जेवता का गेलात. गोव्याहून येणाऱ्या गाड्या इन्सुलीच्या नाक्यावर थांबवून तपासतात, तशी. काकी म्हणायची, "इलो इन्सुलीचो नाको." सगळे हसायचे आणि मला आत पिटाळायचे. ही खोड आहे आणि ती मोडली पाहिजे, एवढं मात्र मला पटवण्यात आलं.

कॉलेजात संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला शिकले. माझ्या पहिल्या मसुद्यात नुसते प्रश्न होते. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ते सगळे खोडले. आपण विचारायचं नसतं, मागायचं असतं, निषेध करायचा असतो. मला राग लवकर येतो, त्यामुळे तेही जमलं. पण खरं सांगते, माझी सगळी पत्रकं सारखीच असायची. गावाचं नाव बदललं की झालं नवीन पत्रक.

मग आमच्याच वाडीची पाणंद बंद झाली. खाडीच्या काठापासून रस्त्यापर्यंत जाणारी ही वाट. होड्या लागल्या की बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन तिथूनच रिक्षा गाठतात. बाजूची जमीन कुणीतरी रिसॉर्टसाठी घेतली आणि पाणंदीच्या तोंडाशी लोखंडी गेट ठोकलं. काकीला आख्ख्या वाडीचा वळसा पडू लागला. गुडघे आधीच गेलेले. ती बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगलेलं असायचं. ही दांडगाई होती, दुसरा शब्द नाही. मी तीन पत्रकं काढली. गेट जागच्या जागी.

शेवटी मालवणात तहसीलदारांपुढे सुनावणी लागली. वहिवाट सांगायला सगळ्यात जुनी म्हणून काकी. मी शहाणीने तिचा जबाब लिहून काढला आणि आठवडाभर तिच्याकडून पाठ करून घेतला. कचेरीत मालवणी बोलायचं नसतं, हे आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्याही.

काकी उभी राहिली. "सदर पाणंद ही पूर्वापार वहिवाटीची असून..." एवढं म्हणाली आणि अडली. कविता विसरलेली पोर बाईंकडे बघते तसं माझ्याकडे बघू लागली. समोरचे वकील म्हणाले, ही पढवून आणलेली साक्ष आहे; तिथे वाट नव्हतीच, बांधावरून एखाददुसरं माणूस जात असेल. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

माझ्या पिशवीत भाषण तयार होतं. ते काढलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मी साहेबांना विचारलं, हिला आमच्या बोलीत चार गोष्टी विचारू का? त्यांनी मान डोलावली.

"काकी, लगीन होवन इलंस, ता खंयसून?"

"खंयसून म्हणजे? होडीतसून उतारलंय आणि ह्याच वाटेन चलत इलंय. लुगडा भिजलला. सासू म्हणाक लागली, ही काय जाळ्यात गावली?"

साहेब हसले आणि पेन उचललं. मी विचारत गेले. कडेला कुणाचे माड होते, पाट्या घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर बाजूला कोण व्हायचं, पावसात चिखल कुठे साचायचा. काकी थांबेचना. मग, घरात कधी विचारायची हिंमत झाली नव्हती ते विचारलं.

"आणि काकांक?"

"तेंका ह्याच वाटेन न्हेल्यानी. तिरडेक दोगे हय, दोगे थय. कोणाचो खांदो खंय घासलो नाय."

साहेबांनी तेवढं तिला पुन्हा सांगायला लावलं आणि शब्दाला शब्द लिहून घेतलं. बांधावरून चौघांच्या खांद्यावरची तिरडी जात नाही; वकील कागद आवरू लागले.

गेट काढलं त्या दिवशी मी घोषणा देणार होते. दिली नाही. पाणंदीच्या कडेच्या दगडी गडग्यावर बसून राहिले. इतकं हलकं वाटत होतं की उठावंसंच वाटेना.

पत्रकं अजून लिहिते, राग काही गेलेला नाही. पण कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की आधी तासभर नुसती विचारत बसते, आणि मगच त्याच्याबरोबर जिल्हा कचेरीसाठी ओरोसची एसटी धरते. आता मला कुणी आत पिटाळत नाही. काकी तेवढी सोडत नाही. सकाळी पाटी घेऊन पाणंदीतून जाताना आमच्या खिडकीशी आली की मोठ्याने सुरू करते, "सदर पाणंद ही पूर्वापार..." आणि पुढचं तिला अजूनही येत नाही.