इंजिनाचा पोळा

आमच्या काकांनी गावात बिजली आणायचं ठरवलं तेव्हा सरकार नागपूरला होतं. परवाना हाती पडायच्या बेतात आला आणि सरकार मुंबईला निघून गेलं. छप्पन साली राज्य बदललं. आम्ही विदर्भातली माणसं होतो तिथेच बसून मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. काकांची फाइल मात्र खरोखरीच प्रवासाला निघाली. ती पोचली की वाटेत कुठे उतरली, हे बरेच दिवस कोणालाच कळलं नाही.

आर्णीच्या रस्त्याला काकांची जिनिंग होती. कापसाच्या हंगामात तिथलं तेलावरचं इंजीन सरकी वेगळी करणारे रेचे फिरवायचं आणि पावसाळ्यात नुसतं उभं राहायचं. त्या रिकाम्या इंजिनाला डायनॅमो जोडावा, वीज तयार करावी आणि गावाला विकावी, असा काकांचा बेत. पण वीज म्हणजे काही वांगी नव्हेत. टोपलीत घालून बाजारात बसता येत नाही. ती करायला आणि विकायला सरकारचा परवाना लागतो.

उत्साहाच्या भरात काकांनी खांब आधीच रोवून ठेवले होते. गावानं त्यांना लगेच कामाला लावलं. कोणी बकरी बांधली, कोणी दोन खांबांमध्ये दोरी ताणून धोतरं वाळत घातली. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, ‘काका, लाइट कवा येते?’ शेवटी काका मागच्या गल्लीनं घरी यायला लागले. मला हसू यायचं, पण त्यांची अवस्था हसण्यासारखी नव्हती. डायनॅमो घेऊन ठेवला होता, तारा आणल्या होत्या, आणि यवतमाळात कुणकुण होती की पुढे सरकार स्वतःच मोठ्या लाइनी टाकणार. असल्या लहानसहान लोकांना परवाने मिळणं बंद होणार.

अशात मुंबईकडून पत्र आलं. विजेचे तपासणी साहेब दौऱ्यावर येत आहेत, अमुक तारखेला इंजीन आणि डायनॅमो चालवून दाखवा. काकांनी ते पत्र सगळ्या घराला वाचून दाखवलं. साहेबांनी पसंत केलं तर परवाना आला. नाही केलं, तर साहेबांचा दौरा आमच्या बाजूला पुन्हा कधी व्हायचा, आणि तोवर परवाने उरायचे की नाही, कोण सांगणार?

पत्रात तारीख होती. आमचं घर चालायचं तिथीवर. दोघांची गाठ कोणी घालून पाहिली नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी काकू गोठ्यात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायला बसली, तेव्हा काका उंबऱ्यावर उभे राहिले आणि एकदम खाली बसले. दुसऱ्या दिवशी पोळा होता. आमच्याकडे त्या दिवशी बैलाला कोणी जुंपत नाही, संध्याकाळी सजवून गावच्या तोरणाखाली मिरवत नेतात. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे चोळायचे, त्याला रीतसर आवतन द्यायचं, उद्या जेवायला ये म्हणायचं. गावात चुलीखेरीज दुसरं काही चालत नाही. पण साहेब दौऱ्यावर निघाले होते. त्यांना कळवणार कुठे?

साहेब सकाळीच जीपमधून उतरले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. ते साताऱ्याकडचे. आज पोळा आहे हे ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांच्याकडचा बेंदूर कधीच होऊन गेला होता. काकांनी हात जोडून सांगितलं की पोळा बैलांचा, इंजीन तयार आहे.

इंजीन तयार होतं. मिस्त्री तयार नव्हता.

आमचा मिस्त्री जवळच्या तांड्यातला. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला होता. ह्यानं बैल सोडून इंजीन धरलं, पण रीत सोडली नव्हती. तो इंजिनाच्या खोलीच्या दारात पागोटं बांधून बसला होता. आत इंजिनाच्या गळ्यात झेंडूची माळ.

“मालक, म्या कालच त्याले आवतन देल्लं,” तो म्हणाला. “आता जेवाले बलावून कामाले कसं जुंपू?”

“अबे, ते लोखंड हाये.”

“लोखंड हाये तं का झालं? वझं वाह्यते का नाही वर्षभर?”

काकांनी त्याला आधी समजावलं, मग दटावलं, मग कोपऱ्यात नेऊन विनवलं. साहेब घड्याळ पाहून राहिले होते. त्यांना दुपारनंतर पुसदकडे जायचं होतं. मी स्वतः हँडल मारतो असं मी पुढे होऊन म्हणालो, तेव्हा मिस्त्रीनं माझ्या दंडाकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मागे होऊन तिथेच उभा राहिलो.

शेवटी काकू आली. तिच्या हाताला पुरणपोळीचं पीठ होतं. मिस्त्री तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई, आणि तिचं तेवढं ऐकायचा.

“काहून भांडून राह्यले तुम्ही?” ती म्हणाली. “बैल तोरनाखाली का खांद्यावर घेऊन जाता? चालतच जाते ना तो? मंग याले बी मिरवा. रेच्याले नका जुंपू, बास.”

मिस्त्रीनं विचार केला. “पन दिवे लावनं काम व्हय का, याडी?”

काकू म्हणाली, “देवापुढं मी रोज लावतो. त्याले कोनी काम म्हंते काय?”

मिस्त्री उठला. इंजिनाला नमस्कार करून त्यानं चाक फिरवलं आणि धडधड सुरू झाली. गोडाऊनात आम्ही दिव्यांची माळ लावली होती. साहेब डायनॅमोच्या काट्याजवळ वाकले. आम्ही सगळे दिव्यांकडे तोंड करून उभे राहिलो, जणू पडदा वर जायचा आहे.

पडदा अर्धाच वर गेला. दिवे विडीच्या टोकाएवढे लाल झाले आणि तसेच राहिले. इंजीन जोरात धावत होतं, पण डायनॅमो मागे रेंगाळत होता. दोघांना जोडणारा पट्टा चाकावरून घसरत होता. साहेब आणखी वाकले, तोच चाकावरून सणसणत थेंब उडाले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पिवळी नक्षी उमटली. साहेबांनी एक थेंब बोटावर घेतला, हुंगला.

“हे लोणी आहे?”

“लोनी अन् हळद,” मिस्त्री म्हणाला. “काल खांदे चोळले त्याचे.”

“याला खांदे कुठं आहेत?”

मिस्त्रीनं बोट दाखवलं. चाकावर जिथे पट्टा बसतो, नेमकं तिथे. “जू इथंच येते ना, साहेब.”

काकांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसलो असतो किंवा रडलो असतो, आणि दोन्हीही त्या वेळी शोभलं नसतं. साहेब म्हणाले की असा घसरणारा पट्टा पाहून आपल्याला होकार लिहिता येणार नाही, पण तासभर थांबता येईल.

जिनिंगमध्ये रुईला तोटा नव्हता. काका, मी, जीपचा ड्रायव्हर, सगळ्यांनी हाताला येईल तेवढी रुई घेऊन चाक पुसलं, पट्टा पुसला, घासलेट लावून पुन्हा पुसला. तरी चामड्यात लोणी मुरलेलं. मिस्त्री म्हणाला, आता राळ पाहिजे. राळेशिवाय पट्टा धरत नाही. पोळ्याच्या दिवशी कोणतं दुकान उघडं असणार?

राळ माझ्याकडे होती. गणपती चार दिवसांवर आलेले आणि आमच्या नाटकात राक्षस मीच. राक्षस आला की मशालीवर राळ फेकून भडका उडवायचा, त्यासाठी डबाभर राळ नुकतीच आणून ठेवली होती. मी घराकडे पळत सुटलो. सजवलेले बैल, शिंगांना बेगड लावणारी पोरं, सगळ्यांतून वाट काढत डबा घेऊन आलो आणि धापा टाकत मिस्त्रीच्या हाती दिला.

त्यानं राळ कुटून चिमटीचिमटीनं फिरत्या पट्ट्यावर टाकली. पट्टा आधी कुरकुरला, मग चीत्कारला, आणि एकदम गप्प होऊन चाकाला बसला. डायनॅमोचा आवाज चढत गेला. मी गोडाऊनात पाहिलं तर माळेतले सगळे दिवे पांढरे, आणि छताखालच्या कोळिष्टकांतला तंतू न् तंतू दिसायला लागलेला. इतकं घाणेरडं गोडाऊन मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी काटा पाहिला. अर्धे दिवे बंद करायला लावले, परत लावायला लावले. तारा, खांबांची उंची, डायनॅमोभोवतीचं कुंपण, सगळं तपासलं. काका त्यांच्या मागे सावलीसारखे. मग साहेबांनी पेनला टोपण लावलं.

“होकार लिहितो,” ते म्हणाले. “परवाना यायला वेळ लागेल, पण येईल. फक्त पुढच्या वर्षी लोणी जरा बाजूला लावा.”

“कुठं?” मिस्त्रीनं अगदी मनापासून विचारलं.

साहेबांनी इंजिनाला चक्कर मारली आणि तेलाच्या टाकीवर हात ठेवला. “इथं. ही मान समजा.” मिस्त्रीला ते पटलं.

काकूनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. शर्टावरचे डाग पाहून म्हणाली, हळद हाये, आता नाही निघत; घरी काय सांगान ते आतापासून ठरवा. साहेब पुरणपोळी खात हसले.

जीप गेली. संध्याकाळ झाली, बैल तोरणाखाली न्यायची वेळ झाली, तरी काका दिसेनात. इंजीन अजून धडधडत होतं. सकाळी चालवायला तयार नसलेला मिस्त्री आता बंद करायला तयार नव्हता. मिरवून राह्यलं तं मिरवू द्या, म्हणे. मी आणि काकू गोडाऊनात गेलो. त्या धडधडीत, लख्ख उजेडात, काका रुईच्या ढिगावर पसरून झोपले होते. टोपी घसरलेली, तोंड उघडं, हात दोन्हीकडे टाकलेले.

मी दिवे बंद करायला पुढे झालो.

“राहू दे,” काकू म्हणाली. “निजू दे त्याहिले. लय वर्षांनी निजले.”

मग तिनं पदरानं त्यांच्या कपाळावरची रुई काढली, आणि बैल मी नेले.