कयाकचा बेत

कार्डिफला नोकरी लागली तेव्हा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एक मराठी गृहस्थ रोज दिसायचे. रिटायर झालेले डॉक्टर, पण जेवायला इथेच. मी मराठी आहे हे कळल्यापासून समोर येऊन बसायचे आणि चमचा वल्ह्यासारखा फिरवत कयाकचा, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या चिंचोळ्या होडीचा, बेत सांगायचे. पानगळीत सॅमन मासे समुद्रातून नदीकडे परततात, तेव्हा किनाऱ्याजवळच गाठायचे. मला कंटाळा यायचा.

एकदा वैतागून विचारलं, "अहो, मग अडलंय कुठे?"

चमचा थांबला. "एकट्यानं समुद्रात जाताना कुणाला तरी सांगून जावं लागतं. परत आलो नाही, तर शोधाशोध करायला."

"मला सांगून जा ना."

ते ट्रे उचलून म्हणाले, "येतो हं."

त्या गावात मला असं सांगून जाणारं तोवर कुणीच नव्हतं.