सुनेच्या तोंडी न येणारा शब्द

माझं नाव जांगीबाय. आमच्या किर्गिझ बोलीत जांगी म्हणजे नवं. बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला हे नाव शोभत नाही, पण ठेवलं तेव्हा मी खरंच नवा होतो. या नावाने आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते आमच्या सुनेचं, बुरुलचं.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावच काय, नावातला शब्दही नाही. आमच्या नारिन शहरातल्या पुष्कळ सुना आता घेतात. बुरुल घेत नाही. नवे बूट म्हणजे तिच्या भाषेत ‘अजून चिखल न लागलेले बूट’. नवी शेजारीण म्हणजे ‘परवा आलेली’. एक जानेवारीला ती फोनवर सगळ्यांना म्हणते, "कॅलेंडर बदलल्याच्या शुभेच्छा!" अकरा वर्षं हे सुखाने चाललं. मग चौतिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात नाव घातलं. विषय कुठला, तर उद्योजकता आणि नवकल्पना.

"अगं, दुसरा विषय नव्हता का?" माझी बायको बातमा म्हणाली. "जनावरांची डॉक्टर हो. मेंढीच्या आजारात कुठे यांचं नाव येत नाही."

"आई, मला कुरुतचाच धंदा करायचाय."

कुरुत म्हणजे दह्याचे खारवून वाळवलेले गोळे. दगड बरे. माझे दात गेल्यापासून मी ते नुसते हातात घेऊन बसायचो. बुरुलने ते पाहिलं असावं. एक दिवस तिने रानपुदिना घालून त्याच दह्याच्या पातळ चकत्या वाळवल्या आणि एक माझ्या तळहातावर ठेवली. जिभेवर ठेवली की विरघळते. मी अकरा खाल्ल्या. तिची नवकल्पना ती हीच.

तोंडी परीक्षेत पास होणाऱ्याला विद्यापीठाचं स्वयंपाकघर, वाळवणाच्या आणि पाकिटं भरण्याच्या यंत्रांसकट, वर्षभर वापरायला मिळणार होतं. वसंतात बुरुल नापास झाली. तिचे सर एर्निस तिच्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून तिला ताई म्हणायचे.

"बुरुलताई, दहा मिनिटं बोललात, पण यात नवं काय ते एकदाही सांगितलं नाहीत!"

आता शरदात शेवटची संधी होती. मी तिला म्हटलं, "अगं, माझी परवानगी आहे. एकदा म्हण. आधी कोंबड्यांसमोर म्हणून बघ."

ती कानापर्यंत लाल झाली. "तुम्ही दिलीत हो, बाबा. जीभ देत नाही."

"मग रशियन शब्द वापर."

"त्याला सरांची बंदी. म्हणतात, कुरणावरच्या आजीला कळेल असं बोला."

"अकरा वर्षं पाळलंन, आणि आता चकतीसाठी मोडायचं?" बातमा म्हणाली. वर मला दटावलं, "तुम्हीच दुसरं नाव घ्यायला हवं होतं." जसं काही मला कुणी विचारलंच होतं.

परीक्षेला घरच्यांना बोलावणं होतं. बातमा पुढे जाऊन बसली; मी शेवटच्या रांगेत हीटरला चिकटून, टोपी डोळ्यांवर ओढून बसलो. बिश्केकहून आलेल्या परीक्षक बाईंनी चकती तोंडात टाकली, मान डोलावली, दुसरी घेतली.

"चव छान आहे. पण आमच्या आजीच्या कुरुतपेक्षा यात वेगळं काय आहे? एका शब्दात सांगा."

एर्निस सरांनी डोळे मिटले.

"पूर्वी नसलेलं," बुरुल म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे... काल-परवाचं."

"शिळं?"

वर्ग हसला. "नाही हो! उलट! कोरं... अजून चिखल न लागलेलं."

बाईंनी हातातली चकती उलटसुलट करून पाहिली. बुरुलचा चेहरा पडला. वाटलं, गेलं स्वयंपाकघर. तेवढ्यात ती वळली आणि दोन्ही हात अदबीने माझ्याकडे करून म्हणाली, "उत्तर तिकडे हीटरजवळ बसलंय. त्यांना नाव विचारा."

सगळी डोकी मागे फिरली. माझ्या तोंडात चकती होती, ती मी गिळली.

"बाबा, आपलं नाव?"

मी उभा राहिलो. "जांगीबाय," म्हटलं आणि लगेच बसलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बुरुलकडे पाहिलं, आणि चष्मा काढून हसत सुटल्या. "माझी आई जन्मभर दुधाला ‘पांढरं’ म्हणायची!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आजोबांच्या नावात दूध होतं."

बुरुल पास झाली. पाचापैकी चार. पाचवा गुण का नाही, ते एर्निस सरांनी खाली लिहिलं होतं: ‘उत्तर बरोबर, पण दुसऱ्याकडून वदवून घेतलं.’

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत बोललात," घरी येताना बातमा म्हणाली, "आणि बोललात काय, तर स्वतःचं नाव!"

पाकिटावर नाव काय घालायचं, हे सरांनीच ठरवलं: ‘जांगी’. त्यांनी मला विचारलं, मला नाही म्हणता आलं नाही. आता रविवारच्या बाजारात गिऱ्हाईक विचारतं, "हे कुठलं गं कुरुत?"

"पाकिटावर आहे की, वाचा ना," बुरुल म्हणते.

चष्मा विसरून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तिने मला शेजारी स्टुलावर बसवून ठेवलंय.