बाबांनी जोडलेला रेडिओ

“हे सोल्डर हाय का चिमणीनं हागून ठेवलं?”

नेरच्या बसस्टँडमागच्या दुकानात म्हाताऱ्या मेकॅनिक चाचांनी आमचा व्हॉल्व्हचा रेडिओ उलटा केला होता. मामांना त्यांनी हळूच विचारलं, मला ऐकू जाणार नाही असं समजून. मामा हसले. मग मी मागे स्टुलावर बसलेय हे आठवून खोकल्यासारखं करत थांबले.

“भाऊजीनं केलं ते. हिच्या बाबानं. दिवाळीच्या आधी गेले.”

चाचांनी चष्मा काढला. “माफ करजो बेटा.”

मी मान हलवली. इंग्रजी शाळेत गेल्यापासून मी बोलले की चुलत भावंडं माझ्या बोलण्याची नक्कल करायची. तेव्हापासून मान हलवणंच बरं वाटतं.

रेडिओ आजोबांचा. कापसाच्या खोलीत गळत्या पत्र्याखाली कित्येक वर्षं पडून होता. बाबांच्या तोंडाचं ऑपरेशन होऊन त्यांचं बोलणं बंद झालं, तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला. नागपूरहून केमो घेऊन आले, की जरा बरं वाटणाऱ्या दिवसांत ते मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलत. मी टॉर्च धरायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, मला बोलायचं नसायचं. आमचं छान जमायचं. आईला त्यांनी मोबाइलवर टाइप करून दाखवलं होतं, लागला की पहिलं गाणं तुझं.

एकदम जास्त वीज जाऊ नये म्हणून चाचांनी मध्ये बल्ब जोडून रेडिओला दबकत दबकत वीज दिली. आतले काचेचे व्हॉल्व्ह लालसर झाले. तापलेल्या धुळीचा वास आला, मग घुर्र, मग खरखर. चाचांनी लाकडी काडीने एक जोड दाबला की आवाज यायचा, काडी काढली की जायचा.

“व्हॉल्व्ह जिते हायेत. जोड कच्चे. बारकी कांडी वापरली असंल, मोबाइलवाली. हा रेडिओचा बुडाचा पत्रा जाड, सगळी गर्मी खाऊन टाकते. सोल्डर वरच्या वर बसलं, धरलंच नाही.”

सोल्डर वितळवायची ती कांडी बाबांनी ऑनलाइन मागवली होती. पार्सल उघडताना मला हाताने खूण करून बोलावलं होतं.

“मंग आता?” मामांनी विचारलं.

“सगळे उखडून नवे करा लागते. नाही तं ठेवा असाच, शोकेसले.”

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. आई इतक्या मोठ्याने बोलते की मलाही ऐकू आलं, “लागला का रे?”

“लागून राह्यला, ताई. लागून राह्यला.”

नवे करायचे का, म्हणून मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

चाचांची कांडी जाडजूड. तिने सोल्डरचा गोळा वितळायचा, हातातला छोटा पंप तो खट्कन ओढून घ्यायचा. वर्तमानपत्रावर राखाडी दाणे साचत गेले. बाबांना ओकारी आली म्हणून अर्धवट राहिलेला जोड मला ओळखता येत होता. हात थरथरला त्या दिवसाचाही. पेपरवर पडल्यावर सगळे सारखेच दिसत होते.

“हा मात्र कडक बसला!” चाचा थांबले. कोपऱ्यात दोन वायरींचा एक जोड होता, गुळगुळीत, चमकणारा. “भाऊच्या हातचा हा एक राहू देतो. निशाणी.”

“राहू द्या, राहू द्या,” मामा रुमालाने डोळे पुसत म्हणाले. “ताईले दाखवतो मी.”

तो माझा होता. त्या दुपारी बाबांना कांडी धरवेना, म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली होती. तिथे जाड पत्रा नव्हता, नुसत्या दोन वायरी, म्हणून जमला. झाल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली होती. त्यानंतर ते रेडिओपाशी बसलेच नाहीत.

आई त्यावरून बोट फिरवेल, रोज पुसेल. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलं नसतं.

स्पीकरच्या वायरीवर अजून एक गोळा उरला होता, ओबडधोबड, एका बाजूला कललेला. तो तसाच ठेवला तर आईच्या गाण्यातही आवाज मध्येच जाईल, हे मला कळत होतं. चाचांनी कांडी त्याच्याजवळ नेली.

“तो चांगला जोड मी केलाय, चाचा,” मी म्हणाले. “बाबांचा हा एवढाच उरलाय. हा नका काढू.”