याकूबचाचांच्या छत्र्या

सलमाचा फोन आला तेव्हा मी मोर्शीला माहेरी होते. आईच्या डोक्याला तेल लावत होते. हात पदराला पुसून फोन घेतला, तर ती म्हणाली, "मावशी, अब्बा गेले. चहा मांगतला त्यायनं. मी कप घेऊन आली, तवरी गेले." सलमा म्हणजे याकूबचाचांची लेक. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान आणि त्यांचं ताडपत्री शिवायचं दुकान यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत आहे. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हापासून त्या पत्र्यापलीकडच्या मशीनच्या तालावर मी हार गुंफत आले. फोन ठेवला आणि मागे वळून पाहिलं, तर माझा धाकटा भाऊ दिनकर दारात उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. मोटारसायकल काढली, मला मागे बसवलं आणि अमरावती ओलांडून थेट अकोला गाठलं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती. गल्लीतल्या माणसांनी वाट करून दिली आणि मोर्शीच्या माळ्याच्या मुलानं याकूबचाचांच्या जनाज्याला खांदा दिला. मी आत चाचांच्या बायकोजवळ, नूरचाचीजवळ बसून राहिले.

दिनकर कोण लागत होता त्यांचा, असं त्या दिवशी पुष्कळांनी मला विचारलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

चाचा हवाई दलात होते एवढं गल्लीला माहीत होतं. पण त्यापुढे ज्याचं त्याचं मत. कोणी म्हणे पायलट होते, कोणी म्हणे आचारी. चाचांना दोन्ही चालायचं. एकदा मीच विचारलं तर हसले. "साहेब लोकाइचं काम वर जायचं होतं बाई. माह्यं काम त्याइले खाली आनाचं." मला काही कळलं नाही, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी पुढे विचारलंही नाही. उंच, वाळका माणूस. दाढी पांढरी, पण भुवया काळ्याभोर. ईदेला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा आमच्याकडे यायचा आणि दसऱ्याचं पहिलं सोनं त्यांच्याकडे जायचं. कधी भांडलो असू, तर ते उन्हाळ्यात गल्लीत पाणी कोण जास्त शिंपडतं यावरून. असा सगळा साधा शेजार.

मग ही वर्षं आली. आपल्या मुलखात काय झालं ते मी सांगायला नको, साऱ्यांनी पाहिलं आहे. कापसाची बातमी पेपरात यायची, संत्र्याची तितकी यायची नाही. मोर्शीकडे बोअरचं पाणी खोल खोल गेलं आणि दिनकरची बाग उभ्याउभ्या वाळली. वडिलांच्या हातची झाडं. शेवटी त्यानंच कुऱ्हाड घेऊन ती तोडली, आणि त्या दिवसापासून तो बोलेनासा झाला. वाढलं तर जेवायचा, ऊठ म्हटलं तर उठायचा. बाकी दिवसभर विहिरीच्या काठावर बसून आत पाहत राहायचा. आईनं निरोप धाडला, "शोभा, त्याले तुयाकडं घेऊन जाय. मले भेव वाटते." मी गेले आणि घेऊन आले. आता तो विहिरीऐवजी माझ्या दुकानात, झेंडूच्या पोत्याला टेकून बसायचा. एवढाच फरक.

चाचांनी त्याला काही दिवस नुसतं पाहिलं. मग एका सकाळी पत्र्याच्या कडेनं डोकं काढून म्हणाले, "बाई, तुया भाऊ मले दे जरा. कापडाचे गठ्ठे उचलाले मानूस पायजे." खरं तर त्या वर्षी गठ्ठे होतेच कुठे! बैलगाडीवाले नव्या ताडपत्र्या घेत नव्हते, जुन्यांनाच ठिगळं लावून नेत होते. पण दिनकर उठला आणि गेला. दोन गठ्ठे इकडचे तिकडे केले, चार तिकडचे इकडे. चाचा त्याला काही विचारत नसत, समजावत नसत. सलमा मशीनवर, चाचा पाटावर आणि दिनकर कोपऱ्यात, असं ते दुकान चालायचं.

एका दुपारी गल्ली सुस्त पडली होती. मी शेवंतीचा हार करत होते. पत्र्यापलीकडून अचानक दिनकरचा आवाज आला. त्याचा आवाज! मला आधी वाटलं दुसरंच कोणी आहे.

"चाचा, ठिगळाची ताडपत्री हाय. तिले एवढं काहून कुरवाळता?"

माझी सुई थांबली. पलीकडे मशीनही थांबलं. चाचांना जुन्या कापडाची घडी घालतानासुद्धा प्रत्येक पदरावरून पालथा हात फिरवायची सवय होती, ती आम्हाला इतकी पाठ झाली होती की कोणी कधी विचारलं नव्हतं. चाचा म्हणाले, "बस. सांगतो." मी इकडे बसून सगळं ऐकलं.

एकाहत्तरच्या लढाईत चाचा पंजाबातल्या एका विमानतळावर, लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये होते. काम पॅराशूटचं. ते त्याला छत्रीच म्हणायचे. उंच मनोऱ्यात टांगून छत्र्या वाळवायच्या, लांब टेबलावर पसरून रेशमासारख्या कापडाचा एकेक पदर तपासायचा, दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करायच्या आणि घड्या घालून बांधायच्या. बांधलेली छत्री उघडून पाहता येत नाही. उघडते की नाही ते आकाशातच कळतं. लढाई लागली आणि विमानं उजाडायच्या आत जाऊ लागली. ती परतायच्या वेळेला साऱ्या तळावरचं बोलणं बंद व्हायचं. कोणी विमानाखाली पाना धरून उभा, कोणी आगीच्या बंबाजवळ, आणि सगळ्यांच्या माना वर. भोकं पडलेली विमानं उतरायची, मेकॅनिक ती भोकं बुजवायचे, पायलट तिथंच पंखाखाली उभ्याउभ्या पराठा खाऊन परत जायचे. त्यांच्यात एक नेगी साहेब होते, गढवालच्या डोंगरातले. विमानात चढण्याआधी ते रोज हाक मारायचे, "याकूब, खुलेगा ना?" आणि चाचांचं ठरलेलं उत्तर, "खोलने की नौबत ही न आए, साहब."

एका दुपारी विमानांची जोडी गेली आणि एकच परत आलं. आलेल्या पायलटनं खाली उतरून सांगितलं की नेगींच्या विमानाला खालून गोळे लागले, ते पेटलं आणि झाडांच्या रांगेमागे गेलं. नुसता धूर दिसला. छत्री दिसली नाही.

"छत्री दिसली नाही," चाचा पुन्हा म्हणाले. "ते छत्री म्याच बांधली होती, दिनकर. कोनी मले एका शब्दानं बोललं नाही. पन मले कोनी बोलाची काय जरूरत होती? दुसरी छत्री बांधाले घेतली तं एकच घडी घालून राह्यलो, मोडून राह्यलो. आमचे मोठे उस्ताद होते, मद्रासकडचे. त्यायले म्हटलं, माह्यानं होत नाही. ते म्हने, 'याकूब, कल सुबह जो जाएगा, वो क्या पहनके जाएगा?' बस. मंग बांधली. रडत बांधली, पन बांधली. लढाई सरेपरेंत बांधत राह्यलो."

लढाई संपली. चाचांची बदली दूरच्या तळावर झाली. नेगी साहेबांचं काय झालं हे विचारलं असतं, एखादं पत्र टाकलं असतं, तर कोणीतरी सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. जुन्या स्क्वाड्रनचं कोणी भेटलं तर ते रस्ता बदलत. असं वर्षभर आणि त्याहून अधिक. मग एका सकाळी ते टेबलावर काम करत असताना दारात काठीचा आवाज आला. त्यांनी मान वर केली. काठी टेकत, एक पाय ओढत नेगी साहेब उभे होते. शत्रूच्या तुरुंगातून सुटून आले होते आणि चाचा कोणत्या तळावर आहेत ते शोधत तिथवर आले होते. ना सलाम, ना खुशाली. दारातूनच म्हणाले,

"याकूब, खुला था."

छत्री अगदी झाडांच्या शेंड्यांपाशी उघडली होती. इतक्या खाली, की वरून भरधाव निघालेल्या जोडीदाराला ती दिसणं शक्यच नव्हतं. पाय मोडला, जीव वाचला.

मग चाचा म्हणाले, "मानूस तिकडं जिता होता. दाल-रोटी खाऊन राह्यला होता. अन् इकडं म्या त्याले मारून, सोताले खुनी ठरवून बसलो होतो. काहून? तं कोनाले विचारलं नाही म्हनून. तू बी कोनाले विचारून नाही राह्यला, बेटा. बाग गेली, मले मंजूर हाय. पन आता काहीच होत नाही, हे तुले कोनं सांगतलं? तुयं तूच ना?"

त्या दिवशी दिनकर रडला. पत्र्याच्या अलीकडे मीही.

याच्यानं चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. अजूनही एखादा दिवस येतो, तेव्हा दिनकर गप्प असतो आणि आई मला फोन करते. पण त्या आठवड्यात त्यानं विचारायला सुरुवात केली. अकोल्यातल्या रोपवाटिकावाल्यांकडे गेला, थोड्या पाण्यात काय जगतं ते विचारलं. सलमाकडून मशीन शिकला. सुया मोडल्या, तिची बोलणी खाल्ली. हिवाळा सरता सरता मोर्शीला परत गेला आणि तोडलेल्या बागेच्या एका तुकड्यात, शेजाऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावर संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका टाकली. वरची सावलीची हिरवी जाळी चाचांनी आणि त्यानं मिळून शिवली होती. चाचा ती पाहायला एसटीनं मोर्शीला आले. कलमांच्या ओळींमधून वाकून फिरले, एका रोपाचं पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि आईला म्हणाले, "माय, तुमच्या पोट्ट्याचा हात हलका हाय." मला वाटतं, दिनकरला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

मातीच्या दिवशी नूरचाचीनं मला एक गोष्ट सांगितली, जी चाचांनी कोणालाच सांगितली नव्हती. लढाईनंतर ते सुटीवर घरी आले तेव्हा नवीनच लग्न झालेलं. घरातल्या साऱ्या चादरी काढून ते घड्या घालायचे. मोडायचे, पुन्हा घालायचे. "मैं समझी, मेरी घडी इनको पसंद नहीं," चाची म्हणाली आणि त्या दुःखातही तिला हसू आलं. पुढच्या सुटीला आले ते एकदम हसत. दारातूनच ओरडले, "नूर, आज चादर तू तह कर!" त्यांना काय झालं होतं आणि काय मिटलं, हे तिला फार पुढे कळलं. नेगी साहेबांचा दर ईदेला फोन येत असे. या वेळी सलमानं त्यांना कळवलं. ते म्हणाले, "बेटा, मेरे घर में आज जो पोते दौड़ रहे हैं ना... वो सब तेरे अब्बा के हैं।"

चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी सलमानं दुकान उघडलं. मला वाटत होतं, ती विकून टाकेल. बायकांनी चालवायचं हे दुकान नव्हे, असं सांगणारे गल्लीत होतेच. तिनं झाडलोट केली, मशीनला तेल दिलं. तेवढ्यात दिनकर आला. त्याची कलमं पाहून मोर्शीकडच्या आणखी काही जणांनी रोपवाटिका घातल्या होत्या आणि त्यांना जाळ्या हव्या होत्या. मोठ्या, एकसंध. दोघांनी जाळीचं हिरवं कापड उलगडायला घेतलं तर ते टेबलावर मावेना. टेबलावरून ओट्यावर आलं, ओट्यावरून गल्लीत. येणारी-जाणारी माणसं कडेनं जाऊ लागली, एका शेळीनं तोंड लावून पाहिलं. शेवटी सलमानं मधला पत्रा धरून गदागदा हलवला. "मावशी, हा काढू का जरा?"

"काढ," म्हटलं.

दिनकरनं खिळे उपटले. मी झेंडूच्या टोपल्या मागे सरकवल्या, आणि ते हिरवं कापड चाचांच्या दुकानातून सरळ माझ्या दुकानात आलं, अगदी देवाच्या फोटोखालपर्यंत. संध्याकाळी काम उरकलं. पत्रा परत लावायची आठवण कोणालाच राहिली नाही. तो अजून माझ्या मागच्या भिंतीला टेकून उभा आहे.