खिडकीतली शहरं

सावकाराने अमेरिका पाहिली नव्हती. तरी तिथल्या कुठल्याही मोठ्या शहराचं नाव घेतलं की तो डोळे मिटायचा आणि त्या शहरात पैसा कुठे राहतो ते हाताने दाखवायचा. तेही जर्मनीत, डार्मश्टाटच्या आमच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता. "ह्यूस्टन ना? हे, इकडे," म्हणत त्याचा हात फ्रिजच्या दिशेने जायचा आणि तिथेच थांबायचा, ओळखीच्या माणसाकडे बोट दाखवावं तसा. मी व्यवहारी माणूस आहे. तरी एकदोनदा मागे वळून पाहिलंय.

सावकार हे मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं नाव. गडी नागपूरचा, विद्यापीठात डॉक्टरेट करायला आलेला. अमेरिकेतली मोठी शहरं आणि त्यांची उपनगरं घ्यायची, प्रत्येकात श्रीमंती किती दाटीने एका जागी साठली आहे ते काढायचं, आणि ती शहरं एकमेकांशी ताडून पाहायची, हा त्याचा विषय. तोंडी सतत कोट्यधीश, अंगात कोपरावर विरलेला स्वेटर. माझी माळ्यावरची खोली त्याला भाड्याने दिली होती. घासाघीस होणार म्हणून भाडं मुद्दाम चढवून सांगितलं, तर हा नुसता "बरं" म्हणाला. माझी सगळी मजाच गेली.

प्रत्येक शहराचा नकाशा तो पारदर्शक कागदावर छापायचा. पैसा जितका जास्त तितका रंग गडद. मग ते कागद खिडकीच्या काचेवर चिकटवायचे आणि एकावर एक ठेवून निरखत बसायचं. संध्याकाळी खोलीत दिवा लागला की ते डाग रस्त्यावरून दिसत. समोरच्या फ्राऊ वेबर एकदा दबक्या आवाजात विचारायला आल्या, तुमचे भाडेकरू डॉक्टर आहेत का, आणि ही कुणाची फुप्फुसं?

"शिकागोची," सावकार म्हणाला. बाई हसल्या नाहीत. तोही हसला नाही.

"श्रीमंती किती ते सोडा भाऊ," तो मला सांगायचा, "ती गरिबीपासून किती लांब जाऊन बसली ते बघा. काही शहरांत पैसा चिवड्यातल्या दाण्यांसारखा सगळीकडे सापडतो. काही शहरांत तर्रीसारखा वर तरंगतो, खालच्या रश्श्याला त्याचा पत्ताच नाही." हे बोलताना आवाजात ना राग, ना हेवा. मला तर्री म्हटल्यावर भूक लागायची. त्याचं जेवण मात्र अशा वेळी ताटातच निवायचं.

त्या गडद डागांच्या आत काही ठिपके कोरे होते. पांढरे. मी विचारलं तर म्हणाला, "तिथे घरं इतकी थोडी आहेत की आकडा छापला तर माणूस ओळखू येईल. म्हणून सरकार आकडाच देत नाही." त्या ठिपक्यावर तो बोट ठेवायचा आणि तसाच उभा राहायचा. खाली चहा गार होतोय म्हणून सुमन, माझी बायको, हाका मारायची. त्याला ऐकू जायचं नाही.

आता माझी गोष्ट सांगणं भाग आहे. बंद पडणाऱ्या कारखान्यांतली जुनी लेथ यंत्रं उचलायची आणि इचलकरंजी-कोल्हापूरला पाठवायची, हा धंदा मी शून्यातून उभा केला. जम बसला तसा माझ्या इथल्या भागीदाराने गिऱ्हाइकं फिरवली आणि फाटकावर नवी पाटी लावली. तिच्यावर माझं नाव नव्हतं. अजून आठवलं की कानशिलं तापतात. उरलेलं गोदाम विकायचं, अमेरिकेत जायचं आणि तिथे बड्या लोकांच्या शेजारी घर घेऊन त्या माणसाला फोटो पाठवायचा, असं मी ठरवलं होतं. सुमनला जायचं नव्हतं. आमची मुलगी रेवा तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये "नाइन", म्हणजे नाही, म्हणून मोकळी व्हायची.

मी सावकाराच्या खिडकीपाशी जाऊन तो पांढरा ठिपका दाखवला. "इथे मोकळी जागा दिसते. स्वस्तात मिळेल."

"मोकळी नाही, भाऊ. झाकलेली आहे."

"मग भाव विचारू."

"तिथे भाव सांगायलाही कुणी बाहेर येत नाही."

मी भडकलो. ज्याला भाव नाही अशी वस्तू जगात नसते, हे मी त्याला चांगलं मोठ्याने सांगितलं. आणि खरोखरच एका दलालाने तशाच एका ठिपक्याच्या कडेला घर शोधून दिलं. नेमकं त्याच सुमाराला सावकाराला त्या शहरात परिषदेचं बोलावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा तो अमेरिकेला निघाला. मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यांनी घर बघ आणि फोन कर. सोमवारी मला गोदामाच्या विक्रीवर सही करायची आहे."

रविवारी दुपारी फोन आला. सुमन माझ्या शेजारीच कान लावून उभी होती.

"घर चांगलं आहे," तो म्हणाला. आवाज अगदी जवळून आल्यासारखा. "रस्त्याला फुटपाथ नाही. मी काल संध्याकाळी सगळी गल्ली चाललो, कुणी भेटलं नाही. हिरवळीवर पाणी आपोआप उडतं, आपोआप थांबतं. अंधारलं तसे सगळ्या घरांत दिवे लागले. खिडक्यांना पडदे नाहीत. आत कुणी नाही."

"सुट्टीवर गेली असतील माणसं!"

"मागून एक गाडी सावकाश येत होती. मी थांबलो की थांबायची. कुणी उतरलं नाही, काही विचारलं नाही."

"राखणदार असेल. चांगलंच आहे की. घर आतून कसं आहे ते सांग."

"टेबलावर सहा ताटं मांडलेली आहेत. फळं मेणाची. भिंतीवर एका कुटुंबाचा फोटो आहे, आईबाप आणि दोन मुलं, हसतायत. शेजारच्या घराच्या काचेतून पाहिलं, भाऊ. तिथेही भिंतीवर तेच कुटुंब आहे."

माझ्या हातावर काटा आला. त्याचाच मला जास्त राग आला. "विकायला काढलेल्या घरात लावतात तसले फोटो! दुकानात मिळतात. काढून आपले लावू!"

"लावा. वहिनी दिवसभर कुणाशी बोलतील?"

मी फोन आपटला. सुमनने आत जाऊन अमेरिकेसाठी बांधलेली सामानाची खोकी सोडायला सुरुवात केली. मी तिला अडवू शकलो नाही. सोमवारी सही झाली नाही, गोदामाचं गिऱ्हाईक गेलं, आणि त्या भागीदाराची पाटी आजही तिथेच आहे.

सावकार परत आला तेव्हा मी त्याला खोली सोडायला सांगितली. तो "बरं" म्हणाला. खिडकीवरचे कागद काढून त्यांची सुरळी केली आणि बर्लिनला गेला. सुमनने वाटेसाठी धपाटे दिले. "भाऊंना सांगा, मी खोटं बोललो नाही," एवढंच तिला म्हणाला. मी वरच्या मजल्यावर होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

मग मंडळात कळलं, सावकार अमेरिकेत गेला. कुठल्याशा कंपनीने दुकानांसाठी श्रीमंत वस्त्या हेरायला त्याला नेलं होतं, आणि घर त्याने तिथेच घेतलं, त्या ठिपक्याच्या कडेला. ऐकून मी ताडकन उभा राहिलो. मला अडवून जागा स्वतः पटकावली! माझ्यापेक्षा मोठा सौदागर निघाला! सुमन म्हणाली, "अहो, असं बोलू नका. तो परत पाहायला गेला असेल."

"काय पाहायला?"

तिने पुढ्यातले बटाटे सोलायला घेतले.

दिवाळीच्या आसपास फोन वाजला. मीच उचलला. "भाऊ," तो म्हणाला, आणि मी काय काय सुनवायचं ते आठवतोय तोवर, "वहिनींना देता?"

सुमनने फोन घेतला. "कसा आहेस रे? जेवतोस ना नीट? शेजारपाजार आहे का कुणी?" मग तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि चेहरा माझ्याकडून वळवून घेतला. "हो, बोलते की. काय बोलू? बरं, काहीही सांगते." आणि ती बोलायला लागली. चकलीची भाजणी यंदा बिघडली, फ्राऊ वेबरच्या मांजरीला पिल्लं झाली, रेवा सायकलवरून पडली. प्रश्न एकही नाही. उत्तराची वाट पाहणंही नाही.

मी खुणेने विचारलं, तो काही बोलतोय का? तिने मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही, आणि ती पुढे सांगत राहिली.